गोठणगावच्या तिबेटातून

डोंबिवली स्टेशनाबाहेर संध्याकाळी मोमोच्या गाडीभोवती जी गर्दी होते, तिला मला इथून एक सांगायचंय. तुम्ही खाता ते चांगलंच असतं, पण तिबेटी माणूस रोज मोमो खात नाही. पाहुणे आले, सुटी असली, चार हात वळायला मोकळे असले, की मोमो होतात. रोजचं खाणं त्साम्पाचं, म्हणजे भाजलेल्या जवाच्या पिठाचं. आपल्या आज्या उन्हाळ्यात दूध-गूळ घालून कालवायच्या त्या सातूच्या पिठाचं हे सख्खं भावंड. आपण घर बदललं नाही तरी ते पीठ विसरलो. यांचा देश सुटला, पीठ सुटलं नाही. मला याचा हेवा वाटतो.

‘इथून’ म्हणजे ल्हासाहून नव्हे. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावाजवळ नोर्ग्येलिंग ही महाराष्ट्रातली एकमेव तिबेटी वसाहत आहे. १९७२ साली ती वसली, तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. इथेच जन्मलेल्या अनेकांकडे अजून परदेशी म्हणून नोंदणीचा कागद आहे, म्हणून हे पत्रही मी परदेशातलंच समजते.

ज्या घरी उतरले, तिथल्या आजींना सगळे ‘आमाला’ म्हणतात. सकाळी त्यांनी वाडग्यात थोडा चहा ओतला, त्यात लोणी सोडलं, वर पीठ घातलं. डाव्या हाताने वाडगा फिरता, उजव्या हाताची बोटं कडेचं पीठ आत ओढताहेत. थेंबभर चहा सांडला नाही, चिमूटभर पीठ उडालं नाही. मग मुठीत दाबून माझ्या हातावर ठेवला तो गोळा, त्यावर त्यांच्या चारही बोटांचे ठसे. चव खमंग, जराशी खारट. चहाही मिठाचा. पूर्वी तो लाकडी उभ्या नळकांड्यात घुसळत, आता मिक्सरमध्ये फिरवतात. कप अर्धा झाला की पुन्हा भरतात. नको म्हणणाऱ्याचं इथे काही चालत नाही.

साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या थंडीतलं हे जेवण मे महिन्यात ४५ अंशांना भिडणाऱ्या झाडीपट्टीत टिकलंय. भोवती सगळ्या धानाच्या बांध्या. जव इथे पिकत नाही, तो बाहेरून येतो. यांच्या ताटात आता भातही आहे, पण लोसारला, म्हणजे नववर्षाला, भाताने भागत नाही. हिवाळाभर शहराशहरांत स्वेटर विकायला गेलेली माणसं तोवर परततात. आदल्या अमावास्येच्या सुमारास गुथुक नावाचं सूप होतं. त्यातल्या मोठ्या गोळ्यांत काहीबाही लपवलेलं असतं: लोकर निघाली तर माणूस मायाळू, मिरची निघाली तर बडबड्या, कोळसा निघाला तर मनाचा काळा. कोळसा घरातल्या कॉलेजकुमाराच्या वाट्याला आला आणि आमाला डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या.

आपल्याकडे कैलास-मानसरोवरला जाणारे पुष्कळ. बरोबर आचारी असतो, पठारावर वरण-भात आणि शिरा होतो. वय, पथ्य, उंची, सगळं मान्य. पण परत येऊन ‘तिकडे खायला काही मिळत नाही’ असं सांगतात तेव्हा संताप येतो. मिळतं, पण आपण विचारत नाही.

आणि आपण तर कल्याणकर! १९४९ साली कल्याणच्या लष्करी छावणीचं उल्हासनगर झालं. सर्वस्व सोडून आलेला माणूस पुन्हा कसा उभा राहतो, हे आपण दाराशी पाहिलं. दाल-पकवान आपण आवडीने खातो, पण एखाद्या सिंधी घरी पाट मांडून कोकी-साईभाजी जेवलेले किती? गाडीपाशी झालेली ओळख उंबऱ्याच्या आत जात नाही, मोमोचंही तेच होतंय. ठाणे-डोंबिवलीतला उत्साह मला ठाऊक आहे. लडाख, भूतान, व्हिएतनाम, सगळीकडे आपण पोचतो. म्हणूनच आपल्याच राज्यातलं हे गाव कुणाच्या यादीत नसावं, हे पटत नाही.

इथली तरुण मुलं शिक्षणासाठी, नोकरीसाठी बाहेर पडताहेत. आमालांच्या हातचा गोळा कायम मिळेल असं धरून चालू नका. विदर्भ एक्स्प्रेस ठाण्याला आणि कल्याणला थांबते, ती गोंदियापर्यंत जाते. पुढे बल्लारशाच्या मार्गावर अर्जुनी स्टेशन. या, पण डबा बरोबर आणू नका.