फिल्टर विकत कशाला? स्पंजही पुरतो!

नवी काचेची टाकी, रंगीत खडी, चार गोल्डफिश. पहिला आठवडा मजेत जातो. मग मासे पाण्याच्या वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात आणि एखाद्या सकाळी त्यांतला एक आडवा तरंगताना दिसतो. मुले हिरमुसतात, मोठी माणसे ‘मासाच नाजूक होता’ म्हणून समजूत काढतात. पाणी तर काचेसारखे नितळ असते. पण बहुतेक वेळा घात या नितळ पाण्यानेच केलेला असतो.

माशाच्या शरीरातला नायट्रोजनयुक्त कचरा मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन बाहेर पडतो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही तोच तयार होतो. त्याला रंग नाही, आणि माशाला बाधेल इतका असला तरी आपल्या नाकाला त्याचा पत्ता लागत नाही. तळ्यात तो विरून जातो. २५ लिटरच्या टाकीत साचत राहतो. पाणी जितके कोमट, तितका त्याचा विषारीपणा जास्त. त्यात उष्ण पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. म्हणजे पुण्यातला एप्रिल-मे माशांना दोन्हीकडून छळतो.

यावरचा इलाज निसर्गाने फार पूर्वीच शोधला आहे. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तर काही नायट्राइटचे नायट्रेट. सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास झ्युरिकमध्ये हे जीवाणू वेगळे करून दाखवले. मधला नायट्राइटही वाईटच. माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद तो काढून घेतो. शेवटचा नायट्रेट मात्र बराच निरुपद्रवी. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलले की तो आटोक्यात राहतो.

म्हणूनच फिल्टरला नुसती गाळणी समजणे चूक आहे. तो या जीवाणूंचा वाडा आहे. त्यांना चिकटून बसायला भरपूर जागा हवी आणि वरून प्राणवायूयुक्त पाणी सतत वाहायला हवे. या दोन अटी साधा स्पंजही पुऱ्या करतो. दुकानातल्या महागड्या यंत्रात पाणी ढकलायची ताकद जास्त असते, मोठ्या टाकीला ती लागतेही. चार-पाच गप्पींच्या टाकीला तिची गरज नाही.

विकत आणायच्या मुख्य वस्तू दोन : छोटा हवापंप आणि त्याची नळी. मूठभर जाडीचा, रंग न सुटणारा, साबण किंवा जंतुनाशक न लागलेला स्पंज घ्यावा. भांडी घासायचा चालणार नाही. त्यात मधोमध, पण आरपार न जाणारे भोक पाडून वीतभर लांब प्लॅस्टिकची नळी घट्ट बसवावी. स्पंजाच्या आत राहणाऱ्या भागाला आधीच बारीक भोके पाडून ठेवावीत. हवेची बारीक नळी या मोठ्या नळीत वरून खालपर्यंत सोडावी. पंप सुरू झाला की बुडबुडे वर चढतात, आपल्याबरोबर पाणीही उचलतात, आणि ती जागा भरायला टाकीतले पाणी स्पंजातून आत ओढले जाते. स्पंज तरंगू लागला तर त्याला खाली एखादा धुतलेला दगड बांधावा. पंप मात्र पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा. नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटे पंपात उतरते, आणि ओल्या पंपाशी खेळणे धोक्याचे आहे.

जोडणीला अर्धा तास लागतो; खरा वेळ पुढे लागतो. इतर अनेक जीवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात; या मंडळींना त्यासाठी दिवसभर किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो. स्पंज ‘पिकायला’ साधारण चार ते सहा आठवडे जातात. तोवर दोनच मासे, चिमूटभर खाद्य आणि दर दोन-तीन दिवसांनी थोडे पाणी बदलणे, एवढेच करावे. ओळखीच्या कोणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला मळका स्पंज मिळाला तर मुक्काम पुष्कळ लवकर गाठता येतो.

आणि इथेच स्वच्छतेची आवड आड येते. स्पंज काळपट दिसला की तो नळाखाली खळखळून धुतला जातो. खडकवासल्याचे पाणी शुद्धीकरण केंद्रातून आपल्यापर्यंत येते ते क्लोरीन मिसळून. माणसांना ते हवेच, पण महिनाभराने वसलेली वस्ती त्यात मरते आणि अमोनिया पुन्हा वाढू लागतो. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा. टाकीत घालायचे पाणीही उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मग वापरावे, किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन घालवणारे थेंब टाकावेत. गुरुवारच्या पाणीबंदीच्या धास्तीने पुणेकर बादल्या भरून ठेवतातच. त्यातली एक माशांची.

यात गावठी जुगाड काहीच नाही. मोठ्या गृहसंकुलांच्या तळाशी रात्रंदिवस घरघरणारा सांडपाणी प्रकल्पही मैलापाण्यात हवा सोडून जीवाणूंकडूनच काम करून घेतो. मँचेस्टरमध्ये १९१४ साली जगापुढे आलेली ही पद्धत आहे.

वीज तासा-दोन तासांसाठी गेली तर घाबरायचे कारण नाही. रात्रभर गेली तर स्पंजातल्या जीवाणूंनाही प्राणवायू अपुरा पडतो. अधूनमधून मगाने टाकीतलेच पाणी उंचावरून परत ओतावे आणि खाद्य बंद ठेवावे. धडधाकट मासा दोन दिवस सहज उपाशी राहतो.