मोटारीतील शीतयंत्र : लेखांक ७ – शाफ्ट सीलची कोरड

कॉम्प्रेसर मोटारीवर पुन्हा चढवून व्हॅक्यूम कसा धरावा, याचा तपशील या आठवड्यात देण्याचे मी कबूल केले होते. परंतु मध्यंतरी ओतूरच्या एका वाचकांचे पत्र आले, आणि त्यांचा प्रश्न विषयाच्या इतका मुळाशी जाणारा आहे, की त्याचा उलगडा केल्यावाचून पुढे सरकणे मला प्रशस्त वाटत नाही. मोटार अवघी पाच वर्षांची, एसी वर्षाकाठी जेमतेम तीन महिने लावलेला, आणि तरीही दर चैत्रात गॅस भरावा लागतो. जी वस्तू वापरलीच नाही ती बिघडते कशी, अशी त्यांची पृच्छा आहे.

न वापरल्यामुळेच ती बिघडते. कॉम्प्रेसरचा शाफ्ट जेथे आवरणाबाहेर डोकावतो, तेथे सीलचा रबरी ओठ त्याला वेढून बसलेला असतो, आणि त्या दोहोंमधील तेलाचा अतिशय तलम पडदाच आतल्या गॅसला थोपवून धरतो. हे तेल गॅसच्या संगतीनेच नळ्यांतून फिरत असल्यामुळे कॉम्प्रेसर चालेल तेव्हाच ते ओठापर्यंत पोहोचते. आपल्याकडे मृगाचा पाऊस सुरू झाला, की पुढे कुकडी-घोडच्या खोऱ्यांतली थंडी ओसरेपर्यंत एसीच्या बटणाला कोणी हात लावीत नाही. या आठ-नऊ महिन्यांत तेल निथळून जाते, ओठ कोरडा पडून शाफ्टला चिकटतो, आणि चैत्रातल्या पहिल्या उन्हात बटण दाबताच सोलवटून निघतो. गॅस 'संपतो' हा समजच चुकीचा आहे. बंदिस्त नळ्यांतला गॅस संपत नाही, तो गळतो.

म्हणून वर्षभर, भर पौषातसुद्धा, आठवड्यातून दहा मिनिटे एसी चालवावा. माळशेज घाटात आषाढातल्या धुक्यात काचेला आतून धरणारा ओलावाही त्यानेच हटतो, कारण थंड कॉइलवरून जाणारी हवा आपले पाणी तेथेच टाकून देते.

क्लच प्लेटभोवती तेलाने कालवलेली काळी धूळ दिसू लागली, म्हणजे मात्र सील बदलण्यावाचून इलाज नाही. उरलेला गॅस यंत्राने काढून घेण्याची तजवीज आधी गॅरेजात करावी. तो हवेत सोडू नये. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर आर-१२ मागे पडून आलेला आर-१३४ए ओझोनला निरुपद्रवी असला, तरी पृथ्वी तापविण्यात कर्बवायूला हजाराहून अधिक पटींनी मागे टाकतो.

सील काढण्याची रीत आपण पाहिलीच आहे. बसविण्यातली एक गोष्ट मात्र मी पुरेशा आग्रहाने सांगितली नव्हती. शाफ्टच्या टोकाशी खाचा असतात आणि त्यांच्या कडा धारदार असतात. माझे पहिले नवे सील त्यांनीच कापले. कापलेली जागा भिंगाखालीच दिसली, पण आठवड्याभरात सगळा गॅस गेला. तेव्हापासून जुन्या एक्स-रेच्या फिल्मची पट्टी शाफ्टच्या टोकाभोवती गुंडाळून, तिला कॉम्प्रेसर ऑइलचा हात देऊन, तिच्यावरूनच मी सील आत सरकवीत आलो आहे. सील खाचा ओलांडून गेले, की पट्टी अलगद ओढून घ्यायची. तेल त्याच कॉम्प्रेसरला चालणारे व नुकत्याच फोडलेल्या डब्यातले असावे, कारण पीएजी तेल हवेतला ओलावा झपाट्याने शोषून घेते. शाफ्टवर नखाला जाणवेल असा ओरखडा असेल, तर नवे सीलही टिकणार नाही.

व्हॅक्यूमचे प्रकरण पुढील आठवड्यात. तोवर ज्यांनी पंप जोडला असेल त्यांनी एवढे ध्यानी ठेवावे, की जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे. येथे उत्तम व्हॅक्यूमलाही गेजचा काटा साडेसत्तावीस इंचांच्या आसपासच थांबतो, तेव्हा पुस्तकातल्या एकोणतीस-तीस इंचांसाठी चांगला पंप बदलू नये.