मोठ्या आकाराची फिल्म घरी धुताना निगेटिव्हवर येणारा असमानपणा : कारणे आणि निदान

सारांश : मोठ्या आकाराची शीट फिल्म घरी धुताना निगेटिव्हच्या घनतेत असमानपणा येतो. त्याचा दोष बहुधा डेव्हलपरच्या रसायनाला दिला जातो. प्रस्तुत लेखात या असमानपणाच्या कारणांचे विवेचन केले असून, डागाचे स्वरूप वाचून कारण कसे ओळखावे याची पद्धत मांडली आहे. संदर्भासाठी पुण्यातील येरवड्यासारख्या उष्ण भागातील घर घेतले आहे.

बीजशब्द : शीट फिल्म, डेव्हलपर, हायपो, तापमान, निगेटिव्ह.

१. प्रस्तावना

मोठ्या आकाराच्या छायाचित्रणात ४×५ इंच किंवा त्याहून मोठ्या आकाराची फिल्म वापरली जाते. तिचा प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे होल्डरमध्ये भरून प्रकाशित करावा लागतो. वास्तू, शिलालेख आणि हस्तलिखिते यांच्या नोंदीसाठी ही पद्धत उपयुक्त ठरते, कारण त्यातून सूक्ष्म तपशील मिळतो. रोलमधील एखादे चित्र बिघडले तरी इतर चित्रे हाती राहतात. येथे मात्र एक शीट बिघडली म्हणजे एक संपूर्ण नोंद गमावली जाते. त्यातही मोकळे आकाश किंवा साधी भिंत यांसारख्या एकसारख्या छटेच्या भागात दोष लगेच उठून दिसतो. अशा वेळी डेव्हलपर बदलण्याकडे कल असतो. वास्तविक बहुतेक असमानपणाचे मूळ द्रावणाच्या हालचालीत, तापमानात आणि वेळेत असते.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

घरी फिल्म धुण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. छायाचित्रणाचा व्यवसाय केलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा व साहित्य आणले आणि ‘राजा हरिश्चंद्र’ची निर्मिती केली. हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. फिल्मला छिद्रे पाडणे आणि ती धुणे ही कामे सरस्वतीबाई फाळके यांनी घरातच शिकून केली. त्या काळची फिल्म लाल प्रकाशाला जवळजवळ असंवेदनशील होती. त्यामुळे लाल दिव्याखाली चित्र उमटताना पाहून निर्णय घेणे शक्य होते.

आजची बहुतेक कृष्णधवल शीट फिल्म सर्व रंगांना संवेदनशील असल्याने ती पूर्ण अंधारातच धुवावी लागते. डोळ्यांचा आधार सुटल्यावर घड्याळ आणि तापमापक हेच दोन आधार उरतात. फर्डिनंड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड यांनी १८९० मध्ये प्रकाशन आणि घनता यांचा मोजता येणारा संबंध मांडला. वेळ आणि तापमान यांवर विसंबून फिल्म धुण्याच्या आजच्या पद्धतीला त्यामुळे शास्त्रीय पाया मिळाला.

३. तापमानाचा प्रश्न

फिल्म धुण्याचे प्रमाण तापमान सामान्यतः २० अंश सेल्सिअस मानले जाते. येरवड्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४० अंशांच्या आसपास जाते आणि गच्चीवरील टाकीतून येणारे पाणी ३० अंशांहून अधिक गरम असू शकते. तापमान १ अंशाने वाढल्यास धुण्याचा काळ स्थूलमानाने एक दशांशाने कमी करावा लागतो. म्हणजे २० अंशांना ८ मिनिटे लागणाऱ्या फिल्मला २४ अंशांना साडेपाच ते सहा मिनिटे पुरतात आणि ३० अंशांना हा काळ चार मिनिटांच्याही खाली येतो. काळ पाच मिनिटांहून कमी झाला की द्रावण ओतण्यास लागलेले काही क्षणही चित्रात दिसू लागतात. शीटच्या ज्या कडेला डेव्हलपर आधी पोहोचतो, ती कड अधिक घन होते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, डेव्हलपरची बाटली गार पाण्याच्या घमेल्यात ठेवून तापमान २४ अंशांपर्यंत आणणे. बर्फ घमेल्यातील पाण्यात टाकावा, डेव्हलपरमध्ये नव्हे. दुसरा, डी-७६ सारखा डेव्हलपर समभाग पाणी घालून वापरणे. त्यामुळे काळ साधारण दीडपट होतो आणि आरंभीच्या क्षणांचे महत्त्व कमी होते. मात्र पातळ केल्यावर एकूण द्रावण पुरेसे हवे. ४×५ इंचांच्या चार शीटचे क्षेत्रफळ ८० चौरस इंच, म्हणजे ३६ चित्रांच्या एका रोलइतके असते, हे त्यासाठी ध्यानात ठेवावे.

४. दोष कॅमेऱ्याचा की धुण्याचा?

निदानाची पहिली पायरी हा प्रश्न सोडवणे ही होय. एकसारख्या उजेडातील साध्या भिंतीची, फोकस सोडून, दोन छायाचित्रे घ्यावीत. पहिली शीट टाकीत खाच वर ठेवून आणि दुसरी खाच खाली ठेवून धुवावी. दोष दोन्ही निगेटिव्हवर चित्राच्या त्याच बाजूला राहिला, तर तो लेन्सचा, कॅमेऱ्याच्या भात्याचा किंवा होल्डरचा आहे. तो दोन्ही वेळा टाकीच्या त्याच बाजूला राहिला, तर धुण्याचा आहे. शिवाय होल्डरच्या पट्टीखाली झाकल्या गेलेल्या कडेवर काळेपणा दिसल्यास तो लेन्सचा दोष असू शकत नाही. तेथे बाहेरून प्रकाश शिरल्याची शक्यता तपासावी.

५. डागांचे स्वरूप आणि कारणे

(अ) लहान, गोल, स्वच्छ कडेचे पारदर्शक ठिपके : हे हवेच्या बुडबुड्यांमुळे पडतात. फिल्म आधी त्याच तापमानाच्या पाण्यात एक-दोन मिनिटे भिजवावी आणि डेव्हलपरमध्ये घातल्यावर टाकी किंवा हँगर हलकेच आपटावा.

(आ) घन भागाखाली उतरणारे फिकट ओघळ : डेव्हलप होताना फिल्ममधून ब्रोमाइड सुटते आणि ते पुढील क्रिया मंदावते. फिल्म उभी आणि स्थिर राहिल्यास हे जड द्रावण खाली घसरते. येथे हालचाल वाढवावी.

(इ) मध्यापेक्षा गडद कडा किंवा हँगरच्या छिद्रांसमोरील गडद पट्टे : येथे कारण नेमके उलट आहे. फार जोराने हलवल्यामुळे कडेला द्रावणाचा प्रवाह वेगाने आदळतो. हालचाल सौम्य करावी आणि तिची दिशा बदलत राहावी.

(ई) दुधाळ, ढगाळ पट्टे : येथे हायपोची क्रिया अपुरी झालेली असते. वरील दोषांपैकी दुरुस्त होऊ शकणारा हा एकच दोष आहे. ताज्या हायपोमध्ये फिल्म पुन्हा बुडवल्यास हे पट्टे जातात.

(आ) आणि (इ) यांचे उपाय परस्परविरुद्ध आहेत, हे विशेष लक्षणीय आहे. डाग न वाचता ‘अधिक हलवा’ असा सरसकट सल्ला अमलात आणल्यास एक दोष जाऊन दुसरा येतो आणि दोष मुळात रसायनाचाच असल्याचा गैरसमज दृढ होतो.

६. निष्कर्ष

असमान निगेटिव्ह हे आपल्या दोषाचे कारण स्वतःच नोंदवून ठेवते. ते वाचण्यासाठी तापमान, काळ, हालचालीची रीत आणि शीटची दिशा यांची दर वेळी वहीत नोंद ठेवावी व एका वेळी एकच घटक बदलावा. दोन गोष्टी एकदम बदलल्यास दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही आणि पुढील उन्हाळ्यात तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. महाविद्यालयांतील इतिहास, पुरातत्त्व आणि वृत्तपत्रविद्या विभागांना ही शिस्त अल्प साधनांत विद्यार्थ्यांना शिकवता येईल. चाचणीच्या शीटसाठी होणारा खर्च हा पुन्हा न घेता येणारी नोंद वाचवण्याचे मोल आहे.