शाळेच्या ग्रुपवरची सूचना: पाचवी ते आठवीच्या पालकांनी कोणती नुसती वाचायची, कोणती लगेच पाळायची

दर आठवड्याला वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सूचनांची रांग लागते. शनिवारी सकाळची शाळा, सोमवारी कागदपत्रं आणा, मंगळवारी पालक सभा, गुरुवारी फॉर्म भरण्याची शेवटची तारीख. त्यातच कुणी 'जुम्मा मुबारक' टाकतं, कुणी फुलांचा फोटो. मग कामाची सूचना वर सरकून जाते आणि आपण म्हणतो, "काही महत्त्वाचं असेल तर सर फोन करतीलच."

सर फोन करतील, पण चाळीस-पन्नास घरांना किती वेळा करणार? म्हणून या आठवड्यात आम्ही एखादी सुटी बातमी न देता पाचवी ते आठवीच्या मुलांच्या घरी येणाऱ्या सूचनांचा अर्थ सांगतो आहोत. या चार वर्षांत येणाऱ्या काही सूचना हुकल्या तर मुलाची हजारो रुपयांची शिष्यवृत्ती जाते, काही हुकल्या तर अख्खं वर्ष जातं.

सूचना तीन प्रकारच्या

पहिला प्रकार वाचून सोडून द्यायचा. सुट्टी, गणवेश, स्नेहसंमेलन, रमजानमधली शाळेची बदललेली वेळ, अशा सूचना यात येतात. त्या त्या दिवसापुरतं काम झालं की संपलं.

दुसरा प्रकार म्हणजे ज्यात तारीख आहे. फॉर्म, परीक्षा, कागदपत्रं, सभा. ही सूचना दिसली की तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. मोबाईलमध्ये "नंतर बघू" म्हणून ठेवलेली सूचना नंतर कुणी बघत नाही, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

तिसरा प्रकार जपून ठेवायचा. शाळेने मुलाबद्दल दिलेला कोणताही नंबर, गुणपत्रक, परीक्षेचं हॉल तिकीट, फॉर्म भरल्याची पावती. यासाठी घरात एक साधी प्लॅस्टिकची फाईल पुरते. प्रत्येक मुलाची फाईल वेगळी ठेवा, म्हणजे थोरल्याचा कागद धाकटीच्या फाईलमध्ये जाणार नाही.

आठवीची 'एनएमएमएस': सगळ्यात जास्त हुकणारी सूचना

आठवीच्या वर्गात पावसाळ्यानंतर 'एनएमएमएस परीक्षेचे आवेदनपत्र' अशी सूचना येते. नाव अवघड असल्यामुळे बरेच पालक पुढे वाचतच नाहीत. आर्थिक दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठीची ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे. महाराष्ट्रात तिची परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते.

निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी अशी चार वर्षं दरमहा १,००० रुपये, म्हणजे वर्षाला १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,००० रुपये थेट मुलाच्या बँक खात्यात जमा होतात. रिक्षा चालवणाऱ्या, फळांची गाडी लावणाऱ्या, शिलाईकाम करणाऱ्या घरात एवढ्या रकमेने मुलगी दहावीनंतर घरी बसणार की कॉलेजला जाणार, हे ठरू शकतं.

अटी अशा आहेत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नको. सातवीत किमान ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ५ टक्के सूट आहे. मूल सरकारी, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका किंवा अनुदानित शाळेत असायला हवं. विनाअनुदानित खासगी शाळेतल्या मुलांना ही परीक्षा देता येत नाही. परीक्षेत बौद्धिक क्षमतेचा आणि शालेय विषयांचा असे दोन पेपर असतात. प्रत्येकात ९० प्रश्न आणि ९० मिनिटं. पेपर मराठीत आणि उर्दूतही मिळतो, त्यामुळे उर्दू शाळेतल्या मुलांनी भाषेची काळजी करू नये.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, सातवीचे गुण मोजले जातात, म्हणून तयारी सातवीपासून हवी. "अजून लहान आहे, आठवीत बघू" म्हटलं की पात्रताच निसटते. दोन, निवड झाली म्हणजे काम संपलं असं नाही. दरवर्षी अर्जाचं नूतनीकरण करावं लागतं, आणि नववीत मुलाला विनाअनुदानित शाळेत घातलं तर शिष्यवृत्ती बंद होते. दहावीत किमान ६० टक्के मिळाले तरच ती अकरावीला पुढे चालते. आठवीनंतर शाळा बदलण्याआधी हा हिशोब घरात बसून करा.

पाचवी आणि आठवीत आता 'आपोआप पास' नाही

"आठवीपर्यंत कुणाला नापास करत नाहीत" हे वाक्य अजून गल्लीगल्लीत ऐकू येतं. ते आता खरं नाही. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि पाचवी व आठवीच्या वर्षअखेरीच्या परीक्षेला पुन्हा अर्थ आला. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून ती लागू आहे.

मूल या परीक्षेत कमी पडलं तर शाळेने त्याला जादा मार्गदर्शन द्यायचं आणि निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यायची. त्यातही जमलं नाही तर त्याला त्याच वर्गात ठेवता येतं. मात्र आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही.

घोळ होतो तो पुनर्परीक्षेच्या सूचनेत. ती ऐन उन्हाळी सुट्टीत किंवा शाळा उघडण्याच्या आसपास येते. तेव्हा निम्मी घरं गावाला, लग्नकार्यात किंवा नानीकडे असतात. निकालावर 'पुनर्परीक्षा' असा शब्द दिसला तर गावाला जाण्याआधी वर्गशिक्षकांना तारीख विचारा आणि मुलाची पुस्तकं बॅगेत घाला.

जादा तासांची वेळ मकतबच्या वेळेशी जुळत नसेल तर मुलाने दोन्हीकडे अर्धवट हजेरी लावण्यापेक्षा घरच्यांनी मौलानांशी बोलावं. महिना-दोन महिन्यांसाठी वेळ मागेपुढे करायला ते बहुतेक वेळा तयार असतात. विचारायला मात्र हवं.

नावाचं एक अक्षर आणि अडलेला अर्ज

'आधारची प्रत जमा करा', 'नावाची पडताळणी करा' अशा सूचना कंटाळवाण्या वाटतात, पण आपल्या घरांत सगळ्यात जास्त अडचण इथेच येते. शाळेत 'मोहम्मद', आधारवर 'मोहंमद', बँकेत नुसतं 'मो.' असतं. एका कागदावर शेख आधी, दुसऱ्यावर शेवटी. मुलीच्या नावापुढे कुठे 'बी', कुठे 'बानो', कुठे काहीच नाही. उर्दूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जाताना नाव असं बदलत जातं, आणि संगणक अक्षर जुळलं नाही की अर्ज अडवतो.

यासाठी तीन कामं करा. पहिलं, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख कशी लिहिली आहे ते मुख्याध्यापकांना विनंती करून डोळ्यांनी बघा. पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर तेच नाव जातं. मूल शाळेत असताना दुरुस्ती करणं सोपं असतं, शाळा सोडल्यावर फार खेटे पडतात.

दुसरं, मुलाचं आधार अद्ययावत आहे का ते बघा. वयाची ५ वर्षं पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा १५ झाल्यावर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने करावी लागते. पाचवीतल्या मुलाचा पहिलाच टप्पा राहून गेला असेल तर आधार ऐन वेळी बंद पडू शकतं.

तिसरं, 'अपार' क्रमांकासाठी शाळेतून संमतीपत्र येतं. हा मुलाच्या शैक्षणिक नोंदींचा १२ अंकी क्रमांक आहे आणि त्यासाठी पालकांची संमती घेतली जाते. सही करण्याआधी वाचा, शंका असेल तर विचारा, आणि त्यावरचं नाव आधारशी जुळतं का ते बघा.

जुने मेसेज, बंद योजना

दरवर्षी एक मेसेज फिरतो: पहिलीपासूनच्या मुस्लिम मुलांना अल्पसंख्याक शिष्यवृत्ती, लगेच फॉर्म भरा. काही ठिकाणी या फॉर्मसाठी शंभर-दोनशे रुपयेही घेतले जातात. वस्तुस्थिती अशी की पहिली ते आठवीसाठीची केंद्राची प्री-मॅट्रिक अल्पसंख्याक शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाली. आठवीपर्यंतचं शिक्षण कायद्यानेच मोफत आहे, असं कारण केंद्राने तेव्हा दिलं. हा निर्णय चुकीचा वाटणारे पुष्कळ आहेत आणि त्यावर बोललंही पाहिजे. पण बंद योजनेच्या फॉर्मवर पैसे घालवू नका. कोणताही शिष्यवृत्तीचा मेसेज आला की आधी शाळेच्या कार्यालयात विचारा.

पालक सभेला कोण जाणार?

'शालेय व्यवस्थापन समितीची सभा' ही सूचना आली की घरात एकमेकांकडे बघितलं जातं. सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांत या समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा करणं, मिळालेल्या अनुदानाचा वापर बघणं ही समितीची कामं आहेत. वर्गात शिक्षक नाहीत, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही, या तक्रारी चौकात मांडून सुटत नाहीत, सभेत मांडल्या तर त्यांची नोंद होते. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांची व्यवस्था वेगळी असते, पण पालक सभा तिथेही होते आणि प्रश्न तिथेही विचारता येतात.

आम्हाला इथे अम्मींना सांगायचं आहे की तुम्ही जा. मुलाचा अभ्यास, डबा, ताप, वर्गातली भांडणं, सगळं तुम्हाला ठाऊक असतं. आणि शाळेत फक्त अब्बांचा नंबर दिला असेल तर तुमचाही द्या. अब्बा दिवसभर कामावर, सूचना त्यांच्या फोनमध्ये, आणि फॉर्म भरणारे हात घरी, अशी स्थिती असंख्य घरांत आहे.

आठवी संपताना

आठवीनंतर दोन गोष्टी एकदम बदलतात. शिक्षण हक्क कायद्यातलं मोफत शिक्षण आठवीपर्यंतच आहे. खासगी शाळेत २५ टक्के राखीव जागेवर शिकणाऱ्या मुलाला नववीपासून फी लागू होते, तेव्हा त्याची तयारी आधीच करा.

दुसरं म्हणजे बऱ्याच गावांत उर्दू शाळा सातवी किंवा आठवीलाच संपते. पुढची शाळा लांब, कधी माध्यमही वेगळं. याच वळणावर मुलींची शाळा सुटते. 'दाखले घेऊन जावेत' ही सूचना आली की वाट बघू नका. मुलीला पुढच्या शाळेत घालायचंच, हे सातवी-आठवीतच ठरवा आणि मराठी माध्यमात जायचं असेल तर उन्हाळ्यात गणित-विज्ञानाचे मराठी शब्द तिच्याकडून वाचून घ्या. तुमच्या घरात मराठी बोलली जाते, ही तिच्यासाठी मोठी सोय आहे.

प्रवासाचंही बघा. पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी एसटीचा मोफत पास मिळतो आणि मुलांना भाड्यात ६६.६६ टक्के सवलत आहे. पासाची सूचना जून महिन्यात येते. एकाच गावातल्या चार-पाच मुली एकाच बसने जाऊ लागल्या की घरच्यांची धास्तीही कमी होते. शेजारच्या दोन-तीन घरांशी बोलून हे जमवता येतं.

सूचनेतले काही शब्द

'आकारिक मूल्यमापन' म्हणजे वर्षभर वर्गात होणाऱ्या लहान चाचण्या, तोंडी काम, प्रकल्प. 'संकलित मूल्यमापन' म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. 'बोनाफाईड' म्हणजे मूल या शाळेत शिकतं असा शाळेचा दाखला. 'उत्पन्नाचा दाखला' मात्र शाळा देत नाही. तो तहसील कार्यालयातून, सेतू केंद्रामार्फत मिळतो आणि त्याला दिवस लागतात. फॉर्मची सूचना येण्याआधीच तो काढून फाईलमध्ये ठेवा.

ज्या घरात मराठी वाचणारं मोठं माणूस नाही, तिथे शनिवारी रात्री जेवणानंतर मुलालाच आठवड्याच्या सूचना मोठ्याने वाचायला सांगा. दादीने ऐकाव्यात, अम्मीने तारीख लिहावी. दहा मिनिटांचं काम आहे. आणि शेजारच्या घरात स्मार्टफोन नसेल तर त्यांच्या मुलाची तारीखही त्यांना जाऊन सांगा.