मशीन लावण्याआधी

सोयाबीनची सोंगणी उरकली की लोणार तालुक्यात कंबरा धरतात. दिवसभर वाकून सोंगणाऱ्या बाया, पोती उचलणारे गडी, शिवाय नवरात्रात कमळजादेवीसाठी लोणारचं विवर उतरून-चढून आलेले गुडघे. सगळ्यांचं दुखणं दिवाळीच्या तोंडावरच डोकं काढतं. चोळून-शेकून होतं, मेडिकलमधली गोळी होते, आणि मग कुणीतरी सांगतं, "मेहकरला फिजिओकडे जा, मशीन लावून ये."

घोळ इथेच आहे. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१६ साली कंबरदुखीची मार्गदर्शिका काढली. टेन्स आणि आयएफटी (दोन्ही वायरी लावून सौम्य वीज देणारी यंत्रं), अल्ट्रासाऊंड आणि ट्रॅक्शन (कंबर ताणणं) ही चारही साधनं कंबरदुखीवर देऊ नयेत, असं तिच्यात स्पष्ट आहे. भर आहे तो व्यायामावर आणि हिंडतं-फिरतं राहण्यावर. आपल्याकडे मात्र व्यायाम शिकवणाऱ्याने 'काहीच केलं नाही' आणि वायरी लावणारा हुशार. त्यात पंधरा मिनिटं कंबर ताणून घ्यायची आणि परतताना एसटीच्या मागच्या सीटवर आपटत यायचं, यातून काय साधतं ते पेशंटलाच ठाऊक!

म्हणून पहिल्या भेटीत बघायचं ते यंत्र नव्हे, तपासणी. चांगला फिजिओ आधी विचारतो: दुखणं कधीपासून, रात्री वाढतं का, काम काय करता. मग वाकायला, बसायला, चालायला लावतो. साडी किंवा घट्ट पँट असेल तर गुडघा नीट तपासता येत नाही, तेव्हा सैल कपडे घालून जावं. बाईमाणसाने सोबत कुणाला आत घेतलं तर त्यात वावगं काही नाही. एक्स-रे, एमआरआयची फिल्म, डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्या, सगळं पिशवीत हवं. शुगर असेल तर आपणहून सांगावं. पायाला बधिरपणा असला की शेक किती गरम आहे ते कळत नाही आणि कातडी भाजते. पेसमेकर, शरीरातला रॉड किंवा प्लेट, गरोदरपण हेही लपवू नये. काही यंत्रं अशा वेळी चालत नाहीत.

आपल्याला काय करता यायला हवं, तेही सांगावं. 'दुखणं जावं' यापेक्षा 'पुढच्या नवरात्रात विवर उतरून परत चढायचंय' हे फिजिओच्या जास्त कामाचं. विवर दीडशे मीटरच्या आसपास खोल आहे, आणि उतरताना गुडघ्याच्या वाटीवर चढण्यापेक्षा जास्त भार येतो. त्यावरून मांडीच्या स्नायूंचे कोणते व्यायाम द्यायचे ते ठरतं.

पाटी वाचायला लाजू नये. सध्या काम करणाऱ्या बहुतेक फिजिओंची पदवी, बीपीटीएच, इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांची. महाराष्ट्रात ती बहुधा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. राज्यात ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपीची स्वतंत्र परिषद आहे, तिचा नोंदणी क्रमांक विचारायला हरकत नाही. मालिश करणारा किंवा हाड बसवणारा अनुभवी असेलही, पण तो फिजिओ नाही.

काही दुखणी मात्र आधी डॉक्टरकडेच न्यायची. कंबरदुखीसोबत लघवी-संडासवरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं. ताप, विनाकारण घटलेलं वजन, पडल्यानंतरचं दुखणं, एकाच पोटरीला अचानक आलेली सूज, हेही थेट फिजिओकडे नेण्याचं नाही.

पैशांचं आधी बोलून घ्यावं. पहिल्याच दिवशी पंधरा-वीस सिटिंगचं पॅकेज घेऊ नये. तीन-चार भेटींनंतर पुन्हा मोजमाप करून फरक दाखवणार का, घरचे व्यायाम लिहून देणार का, हे विचारावं. लांबून येणाऱ्याला रोजचं येणं-जाणं जमत नाही, हे फिजिओला सांगितलं तर आठवड्याला एक भेट आणि बाकी घरी व्यायाम, असंही अनेकदा बसवता येतं. मोबाइलवर व्यायामाचं चित्रण करून घेण्याची परवानगी मागावी. ऑपरेशननंतर जायचं असेल तर सर्जनची चिठ्ठी आणि प्रत्येक बिल जपावं. रुग्णालयातून घरी आल्यानंतरच्या ठरावीक दिवसांतला खर्च काही विमा पॉलिसींत बसतो, पण चिठ्ठीवाचून कंपनी दाद देत नाही.