कडाक्याच्या थंडीत कूलंटची निगा
दोंडाईचा येथील बाजारपेठेतून मिरची भरून उत्तरेकडील हिमप्रदेशात मालमोटार नेणाऱ्याने, खानदेशच्या थंडीत निव्वळ पाण्यावर निभावले म्हणून तेथेही निभावेल, अशा भ्रमात राहू नये. कारण गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्के वाढते आणि त्या दाबाने रेडिएटरच नव्हे, तर इंजिनाचा ब्लॉकही तडकू शकतो. पाणी व इथिलीन ग्लायकॉल यांचे समभाग मिश्रण मात्र उणे ३५ अंशांच्या आसपासही द्रवरूप राहते. इंजिन पूर्ण थंड असता कूलंटच्या टाकीवरील दोन खुणांमध्ये पातळी पाहावी. ती वारंवार उतरल्यास होजपाइपांच्या क्लिपा, वॉटरपंप व रेडिएटरचे सांधे येथे ओल किंवा वाळलेला रंगीत थर शोधावा. थंडीने रबर आकसून सैल झालेली क्लिप आवळल्याने भागते. फुटलेला पाइप मात्र बदलावाच लागतो. सांडलेले कूलंट गोडसर पण विषारी असल्याने, जनावरांच्या तोंडी लागण्यापूर्वी ते पुसून घेण्यात हयगय करू नये.