म्हाताऱ्या कुत्र्याच्या घरी नवे कुत्रे

आमच्या शेजारच्या वस्तीवर एक घर आहे. घरात आजी, मुलगा, सून आणि नातू. दाराशी मोत्या नावाचा कुत्रा. मोत्याला दहा वर्षे झाली. कुत्र्याची दहा वर्षे म्हणजे म्हातारपणच. त्याला ऐकू कमी येते. थंडीत मागचे पाय आखडतात. तरी रात्री कोणी आले की उठून भुंकतो.

श्रावणात एके दिवशी नातू शाळेतून आला तो एक कुत्री घेऊन. सडकेवर तिला मोटारीचा धक्का बसला होता. ती लंगडत होती. अंगावर गोचिडे. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी दशा.

आजी म्हणाली, "अरे, दारात एक आहे की! दोन कुत्री एका उंबऱ्यावर नांदायची नाहीत."

"नांदतील गं आजी. मी बघतो तिचं सगळं."

आता यात खरे कोणाचे? दोघांचेही. दोन कुत्री नांदतात, पण आपोआप नांदत नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे त्या पोराने कुत्रीला उघड्या हातांनी उचलले, हे चुकले. दुखावलेले जनावर वेदनेने चावते. ओळखीचे असले तरी चावते. अशा वेळी अंगावर गोणपाट टाकावे, तोंड आपल्याकडे येऊ देऊ नये आणि मगच उचलावे. लहान मुलांनी तर हे काम करूच नये. मोठ्या माणसाला हाक मारावी.

घरी आणल्यावर लगेच मोत्याजवळ न्यायचे नाही. नव्या कुत्रीच्या पोटात काय रोग आहे ते आपल्याला दिसत नाही. पार्व्हो नावाचा एक रोग आहे. त्यात रक्ताची हगवण लागते, उलट्या होतात. डिस्टेंपर म्हणून दुसरा आहे. त्यात डोळ्यांनाकातून घाण येते, पुढे झटके येतात. हे रोग एका कुत्र्याचे दुसऱ्याला लागतात. म्हणून दोन आठवडे तिला वेगळे बांधावे. त्या घरच्या सुनेने गोठ्यामागच्या छपरात जागा केली. पाण्याचे भांडे वेगळे, ताटली वेगळी. कुत्रीला हात लावला की साबणाने हात धुवायचे आणि मग मोत्याकडे जायचे.

दुसऱ्या दिवशी तिला जनावरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पाय पाहिला. हाड मोडले नव्हते. गोचिडांवर औषध दिले, जंतांवर गोळी दिली आणि पिसाळण्याच्या रोगावरची लस टोचली. मोत्यालाही त्याच दिवशी टोचून घेतली, कारण त्याची वर्षे चुकली होती. ही लस दरवर्षी टोचावी लागते. पिल्लाला पहिली लस तीन महिन्यांचे झाल्यावर देतात.

या रोगाबद्दल थोडे थांबून सांगतो. पिसाळलेले जनावर चावले की रोग लगेच दिसत नाही. बहुधा एक ते तीन महिने जातात. कधी आठवड्यातच दिसतो, कधी वर्षही जाते. पण एकदा लक्षणे दिसली की माणूस वाचत नाही, असेच समजावे. लस त्याच्या आधी घ्यायची असते. १८८५ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस दिली, आणि तो मुलगा वाचला.

म्हणून कुत्रे चावले, ओरबाडले, की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. पंधरा मिनिटे म्हणजे खरोखर पंधरा मिनिटे. हळद, चुना, तिखट काही भरू नये. नंतर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, ही भीती अजून लोकांच्या मनात आहे. ते दिवस गेले. आता सुया दंडाला देतात, आणि थोड्याच देतात. मात्र सांगितलेल्या तारखा चुकवू नयेत.

दोन आठवडे झाले. कुत्रीने अंग धरले. आता भेट घालायची. ती दारात घालायची नाही, कारण दार मोत्याचे. बापाने मोत्याला घेतले, सुनेने कुत्रीला, आणि दोघे गावाबाहेरच्या माळावर गेले. मध्ये वीस पावलांचे अंतर ठेवून एकाच दिशेने चालले. दावे सैल ठेवले. दावे ताणले की कुत्र्याला वाटते, काहीतरी संकट आहे. चार दिवस असे केले. रोज अंतर थोडे कमी. पाचव्या दिवशी त्यांनी एकमेकांचा वास घेतला. कुत्र्यांचा रामराम असाच असतो.

शेपूट हलते म्हणजे कुत्रे खूश, असे आपण धरतो. तसे नेहमी नसते. शेपूट ताठ वर, अंग ताठ, नजर रोखलेली, आणि शेपटीचे टोक तेवढे हलते आहे, तर मागे घ्यावे. अंग सैल असले तर काळजी नको.

घरी आल्यावर भांडण होते ते भाकरीवरून. आधी मोत्याला वाढावे, आणि कुत्रीला दूर, दुसऱ्या कोपऱ्यात वाढावे. उरलेल्या ताटल्या लगेच उचलाव्यात. मोत्याचे पोते मोत्याचेच ठेवावे.

एकदा कुत्री त्या पोत्यावर बसायला गेली. मोत्या गुरगुरला. नातवाने काठी उचलली, तशी आजीच म्हणाली, "मारू नकोस. तो बोलतोय तिच्याशी." आजीचे बरोबर होते. गुरगुरणे म्हणजे सूचना. त्याबद्दल मार खाल्लेले कुत्रे पुढे न गुरगुरता थेट चावते. कुत्रीला हाक मारून बाजूला घेतले की झाले.

आणि जुंपलीच तर मध्ये हात घालू नये. घागरभर पाणी ओतावे, नाहीतर पत्र्याचा डबा जोरात वाजवावा. पहिला महिनाभर घरात कोणी नसेल तेव्हा दोघांना वेगळे बांधावे.

दिवाळीपर्यंत त्या घरी दोनदा जुंपली, दोन्ही वेळा पाण्याने सुटली. आता रात्री आधी कुत्री भुंकते. तिचे ऐकून मोत्या उठतो. पोती मात्र अजून दोन आहेत, एक उंबऱ्याशी, एक तुळशीपाशी. लशीचा कागद सुनेने रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला आहे. पुढची तारीख त्यावर तिने स्वतः लिहिली आहे.